चाहत्याच्या हातातले चित्र

जत्रेत किंवा देवळाबाहेरच्या दुकानात एक प्रकारची जाड, खरखरीत चित्रे विकायला असतात. सरळ धरले तर एक देव दिसतो, किंचित तिरपे केले की दुसराच. मुलांच्या काही पट्ट्यांवरही अशी डोळा मिचकावणारी चित्रे असतात. असे चित्र हाती आले की मूल ते एकदा पाहून बाजूला ठेवत नाही. ते पुन्हा पुन्हा तिरपे करते, सावकाश करते, मध्येच थांबवून दोन्ही चित्रे एकत्र दिसतात का ते पाहते. साध्या चित्राकडे आपण नुसते पाहतो. या चित्राला मात्र आपण काहीतरी करतो आणि ते उत्तर देते. इंग्रजीत यांना 'इंटरॲक्टिव्ह इमेज' म्हणतात. आपण या लेखापुरते 'प्रतिसादी चित्र' म्हणू.

मुलाला खिळवून ठेवणारी ही गोष्ट माल विकणाऱ्यांच्या नजरेतून सुटली असती तरच नवल. संगीताच्या व्यवसायात तर ती फार लवकर पोचली. गाणे ऐकण्याची वस्तू आहे. ते ऐकण्याआधी दुकानात डोळ्यांत भरायचे कसे, आणि ऐकून झाल्यावर चाहत्याच्या मनात रेंगाळायचे कसे, हा प्रत्येक बँडपुढचा प्रश्न असतो. त्याचे एक उत्तर म्हणजे प्रतिसादी चित्र. अशी काही प्रसिद्ध चित्रे कोणत्या तत्त्वावर चालतात ते आपण पाहू. त्याबरोबरच एक प्रश्नही मनात ठेवू: अशा चित्रात माहिती कोणाकडून कोणाकडे जाते?

पुठ्ठ्याची करामत

रोलिंग स्टोन्स या इंग्लंडमधील बँडने १९६७ सालच्या डिसेंबरात 'देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वेष्टनावर बँडमधल्या कलाकारांचे छायाचित्र होते. वेष्टन हलवले की त्यांचे चेहरे वळताना दिसत. जत्रेतल्या चित्राचीच ही युक्ती. तिला 'लेंटिक्युलर' चित्र म्हणतात.

यात दोन चित्रांच्या अतिशय अरुंद उभ्या पट्ट्या एकाआड एक छापलेल्या असतात. त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असतो आणि त्या थराला बारीक उभे उंचवटे असतात. बोट फिरवले की जाणवणारा खरखरीतपणा तो हाच. प्रत्येक उंचवटा म्हणजे एक लांबट बहिर्गोल भिंग. त्याच्याखाली दोन पट्ट्या असतात, पण एका दिशेने पाहताना भिंग त्यांपैकी एकच पट्टी मोठी करून दाखवते. पाहण्याची दिशा बदलली की दुसरी दिसू लागते. सर्व भिंगांखाली एकाच वेळी हा बदल होतो, म्हणून अख्खे चित्र पालटते.

वर्गात करून पहा : सारख्या आकाराची दोन चित्रे घ्या. प्रत्येकाची रुंदी १२ सेंटिमीटर असू द्या. दोन्हींच्या २ सेंटिमीटर रुंदीच्या सहा-सहा उभ्या पट्ट्या कापा आणि मागे क्रमांक घाला. २४ सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर पहिल्या चित्राची पहिली पट्टी, मग दुसऱ्याची पहिली, मग पहिल्याची दुसरी अशा क्रमाने त्या चिकटवा. आता प्रत्येक सांध्यावर कागदी पंख्याला घालतो तशा उलटसुलट घड्या घाला. डावीकडून पाहिले की एक चित्र दिसेल, उजवीकडून दुसरे. येथे भिंगाचे काम घडीने केले.

असे वेष्टन महाग पडत असे. त्यामुळे नंतरच्या प्रतींवर त्याऐवजी साधे छायाचित्र छापण्यात आले.

१९७० साली लेड झेपेलिन या बँडने आपल्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेसाठी आणखी सोपा मार्ग निवडला. वेष्टनाच्या पुठ्ठ्याला गोल खिडक्या पाडल्या आणि आत एक चित्रांची चकती बसवली. कडेला बोट लावून चकती फिरवली की खिडक्यांतली चित्रे बदलत. आपल्या वर्गातली नक्षत्रांची फिरती चकती याच जातीची. महिना आणि वेळ जुळवली की तिच्या खिडकीत त्या वेळचे आकाश दिसते. फरक एवढाच, की नक्षत्रांच्या चकतीत प्रत्येक स्थितीला अर्थ असतो. इथे फिरवण्याची गंमत हाच अर्थ होता.

कॅमेऱ्याशिवाय चित्रीकरण

पुठ्ठ्याच्या चित्राला एक मर्यादा असते. त्यात किती दृश्ये दिसणार हे छापखान्यातच ठरलेले असते. संगणकाने ही मर्यादा पार केली. त्याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे रेडिओहेड या इंग्लंडमधील बँडचे 'हाऊस ऑफ कार्ड्‌स' हे गाणे.

या बँडने १० ऑक्टोबर २००७ रोजी 'इन रेनबोज' हा गीतसंग्रह आपल्याच संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ठरवण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवले. त्यातल्या 'हाऊस ऑफ कार्ड्‌स'ची चित्रफीत जुलै २००८ मध्ये आली. दिग्दर्शक होते जेम्स फ्रॉस्ट आणि तांत्रिक बाजू ॲरन कोब्लिन यांनी सांभाळली होती. चित्रफितीत गायक थॉम यॉर्क यांचा चेहरा, घरे, रस्ता, विजेच्या तारा असे सारे काही दिसते. पण सगळे ठिपक्यांचे बनलेले. वारा यावा तसे ते ठिपके मधूनच विखरून जातात. हे सिनेमाच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण नव्हते. वस्तूंची अंतरे मोजून ते तयार केलेले होते.

त्यासाठी मोजणीच्या दोन रीती वापरल्या. एक दूरच्या वस्तूंसाठी, दुसरी जवळच्या चेहऱ्यांसाठी.

प्रकाशाची मोजपट्टी

दूरच्या वस्तूंसाठी वापरलेल्या रीतीचे नाव लायडार. डोंगरासमोर टाळी वाजवली आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजले, की डोंगराचे अंतर काढता येते. लायडारमध्ये टाळीच्या जागी लेसर प्रकाशाचा अतिशय छोटा झोत असतो. तो वस्तूवर आपटून परत येतो. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. समजा, भिंत ३० मीटर दूर आहे. प्रकाशाला जाऊन-येऊन ६० मीटर कापावे लागतील. त्याला वेळ लागेल एका सेकंदाचा पन्नास लाखावा भाग, म्हणजे २०० नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतर १५ सेंटिमीटरने चुकेल. (३० नव्हे, १५ का? हे विद्यार्थ्यांना विचारा.)

या चित्रफितीसाठी वापरलेल्या यंत्रात ६४ लेसर होते आणि यंत्राचा माथा मिनिटाला ९०० वेळा स्वतःभोवती फिरत असे. म्हणजे सेकंदाला १५ वेळा भोवतालच्या परिसराची मोजणी पुरी होई. त्याच प्रकारचे यंत्र २००७ साली अमेरिकेत झालेल्या चालकाविना धावणाऱ्या मोटारींच्या स्पर्धेत अनेक मोटारींच्या टपावर बसवलेले होते.

चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश भलतीकडेच परावर्तित होतो, परत येत नाही, आणि मोजणीत भोके पडतात. सर्वेक्षण करणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष. या चित्रफितीच्या कर्त्यांनी मात्र मोजणीत असे अडथळे मुद्दाम आणले. गाण्यातल्या विरत जाणाऱ्या नात्याला ते तुटके चित्र शोभले.

रेघा का वाकतात?

चेहऱ्याच्या बाबतीत नाक आणि गाल यांच्या अंतरातला फरक दोन-तीन सेंटिमीटरचा. त्यासाठी दुसरी रीत वापरली. चेहऱ्यावर प्रकाशाची ठरावीक नक्षी टाकायची आणि बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्याने ती कशी वाकली ते टिपायचे. कॅमेरा इथेही होता, पण तो चेहरा टिपण्यासाठी नसून नक्षीचा वाक मोजण्यासाठी होता.

वर्गात करून पहा : खोलीत अंधार करा. भिंतीजवळ एक कंगवा दात उभे राहतील असा धरा आणि त्यावर मोबाइलच्या दिव्याचा प्रकाश टाका. भिंतीवर सरळ उभ्या रेघांची सावली पडेल. आता भिंतीच्या जागी एखादा छोटा गोल तांब्या ठेवा आणि बाजूला उभे राहून पहा. रेघा वाकलेल्या दिसतील. मग डोळा दिव्याच्या अगदी शेजारी आणून पहा. त्याच रेघा जवळजवळ सरळ दिसतील! वाक दिसण्यासाठी दिवा आणि डोळा यांच्यात अंतर लागते. दिवा, डोळा आणि तांब्यावरचा बिंदू यांचा त्रिकोण होतो. त्याचा पाया आणि दोन कोन माहीत असले की तिसरा बिंदू कोठे आहे ते काढता येते. जमीन मोजणारे शेकडो वर्षे हेच करत आले आहेत.

आकड्यांचे चित्र फिरते कसे?

दोन्ही रीतींतून हाती येते ती आकड्यांची लांबलचक यादी. यादीच्या एका ओळीत एका ठिपक्याबद्दल चार आकडे : आडवे अंतर, उंची, खोली आणि प्रकाश किती तीव्रतेने परतला ते. असे पुष्कळ ठिपके मिळून एक चौकट होते आणि चौकटी एकामागून एक दाखवल्या की चित्र हलते.

खरी गंमत पुढेच आहे. छायाचित्रात गायकाचा चेहरा समोरून घेतलेला असेल तर तो समोरूनच दिसणार. आकड्यांच्या यादीत मात्र तो कोणत्याही बाजूने पाहता येतो. त्यासाठी दहावीच्या त्रिकोणमितीच्या थोडे पुढे गेले की पुरते. ठिपका उभ्या अक्षाभोवती काही अंशांतून फिरवायचा असेल तर उंची तीच राहते आणि

नवे आडवे अंतर = (आडवे अंतर × कोसाइन) − (खोली × साइन)
नवी खोली = (आडवे अंतर × साइन) + (खोली × कोसाइन)

समजा, एका ठिपक्याचे आडवे अंतर ३ आणि खोली ४ आहे. तो ३० अंशांतून फिरवू. ३० अंशांचा कोसाइन ०.८६६ आणि साइन ०.५. नवे आडवे अंतर येते सुमारे ०.६० आणि नवी खोली सुमारे ४.९६. ताळा करून पाहू. आधी अक्षापासूनचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने ५ होते. आताही ते ५ च येते. ठिपका फिरला, पण अक्षापासून सरकला नाही. चेहऱ्याचा प्रत्येक ठिपका असाच फिरतो, म्हणून चेहरा वेडावाकडा न होता वळतो.

संगणकाच्या पडद्यावर आपण माउसने चित्र ओढतो तेव्हा संगणक एवढेच करतो : माउस किती सरकला त्यावरून कोन ठरवतो आणि प्रत्येक ठिपक्यासाठी हे गणित मांडतो. चित्र फिरताना जवळचे ठिपके झरझर सरकतात, दूरचे सावकाश. धावत्या एस.टी.तून पाहताना रस्त्याकडेची झाडे पळतात आणि डोंगर जागीच असल्यासारखा वाटतो, तसेच हे. या फरकावरून मेंदू खोली ओळखतो आणि सपाट पडद्यावर आपल्याला भरीव चेहरा दिसतो.

चित्रफितीबरोबर गूगलच्या संकेतस्थळावर असे फिरवता येणारे चित्र ठेवले होते. एवढ्यावरच न थांबता बँडने मोजणीतून मिळालेली आकड्यांची यादीही खुली केली, आणि ती वापरून चित्र कसे करायचे हे दाखवणारी छोटी आज्ञावलीही सोबत दिली. अट एवढीच, की मूळ कर्त्यांचा उल्लेख करावा, व्यापार करू नये, आणि आपण केलेली कृती इतरांनाही याच अटींवर वापरू द्यावी. चाहत्यांनी त्या आकड्यांतून आपापल्या चित्रफिती बनवल्या.

यातून बँडला काय मिळते?

बँडने हे काही निव्वळ दानबुद्धीने केले असे म्हणण्याचे कारण नाही. चाहत्याने केलेली प्रत्येक चित्रफीत म्हणजे गाण्याची फुकट जाहिरात. शिवाय चार मिनिटांचे गाणे ऐकणारा माणूस चार मिनिटांत निघून जातो. त्याच गाण्याच्या आकड्यांशी खेळणारा चार दिवस तेच गाणे ऐकत बसतो.

यामागे मनाचाही एक कल आहे. मायकेल नॉर्टन, डॅनिएल मोकॉन आणि डॅन एरिअली यांचे याविषयीचे प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाले. लोकांना कागदाच्या घड्यांची खेळणी करायला, खोकी जोडायला सांगण्यात आले. स्वतः केलेल्या वस्तूची किंमत लोक इतरांपेक्षा जास्त लावत असल्याचे दिसले. मात्र काम अर्धवट राहिले किंवा केलेले मोडून टाकले तर हा परिणाम नाहीसा होई. प्रतिसादी चित्र तयार करणाऱ्याने यातून घेण्याजोगा धडा सरळ आहे : चाहत्याला करायला काहीतरी द्यावे, पण ते त्याला पुरे करता येईल असे असावे. लेड झेपेलिनची चकती कोणालाही फिरवता येत होती. रेडिओहेडने तर दोन पायऱ्या ठेवल्या होत्या. ज्याला नुसते फिरवायचे त्याने चित्र फिरवावे, ज्याला आज्ञावली लिहिता येते त्याने आकडे घ्यावेत.

तुमच्या घराचा पत्ता काय?

आता सुरुवातीचा प्रश्न. रेडिओहेडच्या चित्रात माहिती बँडकडून चाहत्याकडे गेली. गायकाच्या चेहऱ्याची मापे जगाच्या हाती आली. पण प्रतिसादी चित्रात उलटा प्रवासही होऊ शकतो.

२०१० साली जॉनी कॅश या दिवंगत अमेरिकन गायकाच्या गाण्यासाठी ख्रिस मिल्क आणि ॲरन कोब्लिन यांनी एक प्रकल्प केला. त्यात चित्रफितीची एकेक चौकट चाहत्यांनी स्वतःच्या हाताने रेखाटून पाठवायची होती. इथे चाहत्याने दिले ते आपले चित्र, तेही समजून-उमजून.

त्याच वर्षी कॅनडातील आर्केड फायर या बँडच्या 'वुई यूज्ड टू वेट' या गाण्यासाठी मिल्क यांनीच गूगलच्या साहाय्याने 'द वाइल्डरनेस डाउनटाउन' हे प्रतिसादी चित्र केले. सुरुवातीलाच ते पाहणाऱ्याला विचारी : तुम्ही लहानपणी ज्या घरात वाढलात त्याचा पत्ता काय? पत्ता दिला की गूगलच्या नकाशांतून त्या भागाची उपग्रहचित्रे आणि रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रे येत, आणि गाण्याच्या तालावर एक मूल जणू आपल्याच गल्लीतून धावत जाई. पाहणाऱ्यांना ते फार भावले. आपल्याकडच्या प्रेक्षकाला मात्र ती गल्ली दिसली नसती. भारतातल्या रस्त्यांची अशी छायाचित्रे तेव्हा गूगलकडे नव्हतीच. ती सेवा येथे २०२२ साली सुरू झाली, आणि सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर ही होती. चित्र किती 'आपले' वाटेल हे आपली जागा कोणी, कधी मोजली यावर अवलंबून असते, ते असे.

आता या दोन्ही टोकांची तुलना करा. पुठ्ठ्याची चकती कोणी, किती वेळा फिरवली हे बँडला कधीच कळले नाही. कळण्याची सोयच नव्हती. संगणकावरचे किंवा मोबाइलवरचे प्रतिसादी चित्र मात्र पुष्कळदा दूरच्या संगणकाशी बोलत असते. आपण कोठे बोट लावले, किती वेळ थांबलो, कोणता भाग पुन्हा पाहिला याची नोंद तेथे ठेवता येते. आपण चित्र पाहत असतो तेव्हा चित्रही आपल्याला पाहू शकते. पत्ता विचारला तर निदान आपल्याला कळते. बोटाची हालचाल टिपली जाते ती कळतही नाही.

शाळेच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बँडचे चाहते बहुधा शाळा-कॉलेजच्या वयाचे असतात. संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे. तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, तिच्या हालचालींवर पाळत ठेवू नये, तिला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, अशा तरतुदी त्यात आहेत. काही अपवाद ठरवण्याची मुभा सरकारला आहे. कायदा आपल्या जागी. पण चित्राशी खेळतानाच मुलाला त्याचे काम समजत असेल तर ते अधिक सावध राहील.

विद्यार्थ्यांशी बोलताना

गाणी, खेळ, सिनेमे यांची अशी चित्रे विद्यार्थ्यांच्या रोजच्या पाहण्यात असतात. त्यांपैकी एखादे निवडायला सांगा आणि त्यावर चार प्रश्न विचारा.

पहिला : आपण नेमके काय केले की चित्र बदलते? तिरपे करणे, फिरवणे, बोट लावणे, की आणखी काही?

दुसरा : बदल आधीच छापून ठेवलेला आहे, की त्या क्षणी गणित करून काढला जातो? पहिल्या प्रकारात दृश्यांची संख्या मोजता येईल, दुसऱ्यात ती मोजणे अवघड जाईल.

तिसरा : हे चित्र चालण्यासाठी आपल्याकडून कोणती माहिती जाते? इंटरनेट बंद करून चित्र चालते का ते पाहणे ही एक सोपी चाचणी आहे. एकदा उघडल्यावर ते इंटरनेटशिवाय चालत राहिले, तर निदान तेवढ्या वेळापुरते ते कोणाला काही सांगत नाही.

चौथा : हे चित्र आणखी वीस वर्षांनी चालेल का? फ्लॅश नावाच्या तंत्रावर केलेली असंख्य प्रतिसादी चित्रे, त्या तंत्राचा आधार डिसेंबर २०२० अखेर काढून घेतल्यावर, बंद पडली. रेडिओहेडचे आकडे ज्या गूगल कोड सेवेवर होते ती २०१६ साली बंद झाली. पण आकडे सर्वांना खुले असल्यामुळे ते गिटहबवर ठेवता आले. आणि १९७० सालची पुठ्ठ्याची चकती, सांभाळून ठेवलेली असेल तर, आजही फिरते.

चौथ्या प्रश्नानंतर घड्यांचे चित्र पुन्हा एकदा वर्गात फिरवा आणि हेच चार प्रश्न त्यालाही लावून पहा.